सोमवारचं बीपी

सिस्टर, शाळेच्या हॉलमध्ये तुमची स्मरणार्थ उपासना झाली, आणि तिथे तुमच्याबद्दल लोक काय बोलले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा जीव शांत व्हायचा नाही. लोक तुमच्या लोणच्याबद्दल बोलले.

आमच्यात रीत आहे ती तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस गेलं, माती दिली, की पुढच्या आठवड्यात मंडळी जमते. गीत होतं, शास्त्रपाठ होतो, मग पाळक म्हणतात, ज्यांना साक्ष द्यायची आहे त्यांनी उभं राहावं. गेलेल्या माणसाच्या हातून देवानं आपल्याला काय दिलं, ते ज्यानं त्यानं उठून चारचौघांत सांगायचं. पहिले आढावकाका उठले. साळवे सिस्टरांच्या हातचं इंजेक्शन कधी दुखलं नाही म्हणाले. मग महिला संघाच्या सेक्रेटरीबाई उठल्या आणि त्यांनी लिंबाच्या लोणच्याची साक्ष दिली. कोणीतरी म्हणालं, सिस्टर वेळेच्या फार पक्क्या. कोणीतरी म्हणालं, नाताळच्या करंज्यांत सारण कमी भरू द्यायच्या नाहीत. एक बाई रडली, पण ती सगळ्यांच्याच उपासनेला रडते.

आणि दुसऱ्या रांगेत पाच पाळक बसले होते. कोपरखैरण्याचे, पनवेलचे, उरणचे, वाशीचे ते वयस्कर, आणि शेवटच्या खुर्चीवर जासईचा शमुवेल. सहावे आमचे हे, समोर टेबलाशी, उपासना चालवत होते. सहाही जण वर्षानुवर्षं दर सोमवारी तुमच्या दाराशी येत होते. त्यातल्या निदान दोघांनी तुमच्यामुळे जीव दिला नाही असं मला वाटतं. वाटतं म्हणते, कारण तुम्ही कधी सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं, अजून कोणाला साक्ष द्यायची आहे का. मी त्या रांगेकडे बघत राहिले. वाशीच्यांनी चष्मा पुसला. पनवेलच्यांनी गीताचं पुस्तक उघडलं. अळीमिळी गुपचिळी. मग हे म्हणाले, वेळ कमी आहे, आणि आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

मी उठणार होते. गुडघे अर्धे सरळही केले होते. पण ते गुपित तुम्ही राखलं होतं, ते फोडायचा हक्क त्या सहा जणांचा होता, माझा नव्हता. म्हणून बसले आणि दात आवळून गीत म्हटलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एस्तेर, जबडा सैल सोड.

हे सगळं कसं सुरू झालं ते आठवतं ना? नेरूळला आम्ही नुकते आलो होतो. अर्ध्या इमारती उभ्या, अर्ध्या व्हायच्या, जिन्यात सिमेंटची पोती आणि संध्याकाळी मच्छर. मंडळी म्हणजे नगरकडची काही घरं, जालन्याकडची काही, आणि मुंबईत भाडं परवडेना म्हणून खाडी ओलांडून आलेले कारकून आणि शिक्षक. स्वतःचं चर्च नव्हतं. रविवारी शाळेचा हॉल मिळायचा आणि फळ्यावरचं गणित पुसून आमची उपासना सुरू व्हायची. अशाच एका रविवारी आमचे हे उपदेशाच्या मधोमध थांबले. हातातल्या कागदाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, आपण गीत घेऊ या, आणि खाली बसले. लोकांना वाटलं चक्कर आली. मला माहीत होतं, चक्कर नव्हती. कागदावर जे लिहिलं होतं ते त्यांना बोलवेना.

उपासना संपल्यावर तुम्ही पुढे आलात. तेव्हा मी तुम्हाला नीट ओळखतही नव्हते. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मेट्रन, एकट्या राहतात, बंगलोरला जाऊन समुपदेशनाचा कोर्स करून आल्यात, एवढं कानावर होतं. तुम्ही ह्यांचं मनगट धरलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "साहेब, बीपी वाढलंय तुमचं. उद्या सोमवारी घरी या. तपासते."

मनगट धरून बीपी कळत नाही, एवढं माझ्यासारख्या बाईलाही कळतं. पण त्या एका थापेनं तुम्ही त्यांची अब्रू झाकलीत, आणि पुढची सगळी वर्षं त्याच थापेखाली काढलीत. मी ती थाप कधी विसरणार नाही, आणि तिच्यावरचा माझा रागही गेलेला नाही.

पहिल्या सोमवारी मी बरोबर आले होते. तुमचं ते तळमजल्याचं घर, पुढे तुळस नाही पण कढीपत्त्याचं झाड. तुम्ही मला चहा ठेवायला आत पाठवलंत, म्हणून तुमची पद्धत एकदा तरी मला डोळ्यांनी बघायला मिळाली. पट्टा दंडाला गुंडाळलात, फुगवलात, पारा बघितलात. मग हवा सोडलीत, पण पट्टा सोडला नाहीत. साहेबांचा हात तसाच टेबलावर. तुम्ही समोर मेथीची जुडी घेऊन बसलात आणि निवडायला लागलात. दंडाला पट्टा असलेला माणूस उठून जात नाही, हे तुम्ही वॉर्डात शिकला होतात. तुम्हीच मला पुढे सांगितलंत की डॉक्टर पलंगापाशी उभे राहून काय होतंय विचारतात तेव्हा पेशंट म्हणतो, बरं आहे. तोच पेशंट चादर बदलणाऱ्या नर्सला सगळं सांगतो, कारण ती त्याच्याकडे बघत नसते.

तुम्ही ह्यांना विचारलंत, "रविवारचं नका सांगू. आज सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं काय वाटलं, तेवढं सांगा."

हे गप्प. तुम्हीही गप्प. मी स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभी. मेथीची पानं एका बाजूला, देठं एका बाजूला. मला तर ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात तुम्ही मान न वळवता म्हणालात, "एस्तेर, तू आता घरी जा. चहा छान झालाय." मी गेले. त्यानंतर सोमवारी मी तुमचा उंबरा ओलांडला नाही.

हळूहळू बाकीचे यायला लागले. कोण कोणाला सांगत होतं देव जाणे, कारण पाळक पाळकाला असलं काही सांगत नाही. पाळकाला मित्रच नसतो. मंडळीत मित्र केला तर दुसरा गट रुसतो, मंडळीबाहेर केला तर कमिटी म्हणते, साहेब बाहेरच्यांत बसतात. कोणाच्या पोराला कॉलेजात घालायचं, कोणाच्या नवऱ्याची दारू सोडवायची, कोणाच्या म्हातारीला मध्यरात्री दवाखान्यात न्यायचं, सगळ्याला पाळक. आणि पाळकाला? तर त्याला तुम्ही होतात. तुमच्या फाटकात एक आत येताना आणि एक बाहेर पडताना भेटले की म्हणायचे, "काय, बीपी?" "हो, बीपी." त्या दोन शब्दांत सगळं भागायचं. आमच्या मंडळीत तर बोलवा झाली की सेवेत आलं की बीपी लागतंच. सेक्रेटरीबाईंनी ह्यांना लसणाच्या पाकळ्या चावायला सांगितल्या. एका घरून डब्यात मीठ न घातलेली भाजी यायला लागली. ह्यांनी महिनाभर अळणी खाल्लं, पण तोंडातून शब्द काढला नाही. झाकली मूठ.

तुम्ही पाळकांचंच ऐकलंत असंही नाही. मंडळी फुटायला आली होती तेव्हाचं आठवून मला आजही हसू येतं. तरुण पोरांनी कीबोर्ड आणला. आढावकाका म्हणाले, पेटी-तबल्याशिवाय उपासना म्हणजे लग्नाचा बँड. पोरांचा पुढारी तो बँकेतला प्रकाश. त्यानं तोंडावर सांगितलं, काका, तुमच्या पेटीनं टेन्शन येतं. झालं, नगरकर एका बाजूला बसायला लागले आणि कीबोर्डवाले एका बाजूला. कमिटीत आरडाओरडा. हे दोन्हीकडून मार खात होते. तुम्ही दोघांनाही बीपीला बोलावलंत. काकांचं खरोखरच वाढलेलं निघालं, प्रकाशचं अगदी ठीक होतं, पण तुम्ही दोघांनाही एकच औषध दिलंत. रोज पहाटे दोघांनी मिळून करावे गावापर्यंत चालत जायचं, खाडीच्या कडेनं, आणि चर्च हा शब्द काढायचा नाही.

गेले बिचारे. आधी मुकाट्यानं, मग काका त्याला गावाकडच्या विहिरी सांगायला लागले, तो त्यांना कर्जाचे अर्ज कसे भरायचे ते. कोळणींकडून बोईट मासे घेऊन दोघे बरोबर परत यायला लागले. भांडण मिटलं. पेटी आणि कीबोर्ड एका गीतात वाजले. मग दोघांचं इतकं जमलं की दोघे मिळून आमच्या ह्यांच्या मागे लागले. उपदेश लांबतो, घरभेटी कमी होतात, साहेब हसत नाहीत. हे मी तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही डोक्याला हात लावून हसलात. म्हणालात, एकजूट झाली ना, मग आता तिला काम नको का? मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं, पण आता तुम्ही नाही.

आपलं भांडण बुधवारी व्हायचं. तुम्ही मला बुधवारची दुपार दिली होती आणि एकच अट घातली होती, साहेबांविषयी सोडून काहीही बोल. आणि मला तर दुसरं काहीच बोलायचं नसायचं. मग मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याविषयी बोलायची, मुलीच्या दहावीविषयी, महाप्याला कारखान्यात लागलेल्या तुमच्या पुतण्याविषयी. बोलता बोलता गाडी घसरायचीच.

एकदा मी सरळ विचारलं. ते तुमच्यापाशी रडतात का, एवढंच सांगा. हो किंवा नाही.

तुम्ही म्हणालात, "मेथी निवडणार असशील तर बस. नाहीतर जा."

मी निवडली. रागानं देठंसुद्धा पानांत टाकली.

पहिलं भांडण त्या थापेचं. मी म्हणायची, सांगून टाका ना उघड. मंडळीला कळू दे की त्यांच्या पाळकालाही माणूस लागतो. एखाद्या रविवारी पुलपिटावरून सांगू दे ह्यांना. तुम्ही म्हणायचात, सांगितलं तर पहिल्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतील, दुसऱ्या दिवसापासून एक जण माझ्याकडे यायचा नाही. आधी येऊ दे, लाज आपोआप जाईल. सिस्टर, लाज गेली नाही. तुमच्या उपासनेला सहा जण तुमच्या नावानं तोंड उघडू शकले नाहीत. म्हणजे ह्या भांडणात मी जिंकले. असं जिंकणं कोणाला हवं होतं?

दुसरं भांडण माझं, खासगी. ते मी फार दिवस पोटात ठेवलं आणि एका बुधवारी ओकून टाकलं. मी म्हटलं, तुमच्यापाशी सगळं बोलून ते घरी येतात, तेव्हा बरे असतात. जेवतात, झोपतात, मंगळवारी मुलीशी दोन शब्द बोलतात. मी उपकार मानते. पण मला सांगायला त्यांच्याकडे काही उरत नाही. पोटातलं तुम्हाला आणि खरकटं मला. त्यांचं लग्न कोणाशी झालंय?

तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. तुमच्या घरी तुमचे हात रिकामे मी तेवढे एकदाच पाहिले.

"माझ्यापाशी बोलले नाहीत, तर तुझ्यापाशी बोलतील असं वाटतं तुला?"

"हो," मी म्हटलं.

"मलाही वाटायचं," तुम्ही म्हणालात. "कधीतरी उठून तुझ्याकडे जातील म्हणूनच तर ऐकत बसले."

 मी निघाले तेव्हा लोणच्याची बरणी हातात दिलीत, तीच जिची परवा साक्ष झाली. त्या दिवशी मला कळलं की तुम्ही माझ्याविरुद्ध नव्हतात. तुम्हीही वाटच बघत होतात, आणि ते माझ्याकडे येणार नाहीत हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं. त्याबद्दल तुमचा राग करू की तुमच्या पाया पडू, हे मला आजही ठरवता येत नाही.

तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, बघा, सगळ्यांचं बीपी बघणारी बाई बीपीनंच गेली असणार. लोकांना अशा गोष्टी आवडतात. तुमचं बीपी शेवटपर्यंत पोरीसारखं होतं, वॉर्डातली नर्ससुद्धा म्हणाली. पोटातली गाठ होती, आणि तुम्ही नर्स असून ती इतके दिवस अंगावर काढलीत. तुम्हाला ती आधीच कळली असणार असा मला दाट संशय आहे. एका सोमवारला सुट्टी घेतली असती तर काय बिघडलं असतं? पण तुम्हाला बोलण्यात काय अर्थ आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

वाशीच्या दवाखान्यात सगळे पाळक येऊन गेले. वेगवेगळ्या वेळी, नेहमीसारखे. बिस्किटाचा पुडा, प्रार्थना, आणि दारापाशी जरा थांबणं. प्रत्येक जण दारापाशी थांबायचा. मला वाटायचं आता मागे वळून काहीतरी म्हणेल. कोणी म्हणालं नाही. तुम्ही मात्र त्या अवस्थेत कोपरखैरण्याच्या साहेबांना म्हणालात, झोप लागते का हल्ली? ते मान खाली घालून जिन्यापर्यंत गेले.

मग त्या शेवटच्या सोमवारी आम्ही दोघं आलो होतो. मी पेज आणली होती, ती तुमच्या घशाखाली उतरत नव्हती. तुम्ही ह्यांना जवळ बसायला सांगितलंत. मी बाहेर जायला निघाले तर म्हणालात, थांब, हे तुझ्यासमोर बोलायचंय. मी पेजेचा डबा पुन्हा खाली ठेवला. वाटलं, आता सांगतात.

तुम्ही म्हणालात, "साहेब, माझ्यामागं सोमवारी तुम्ही बसा. बाकीचे कसेतरी निभावतील. शमुवेल निभावणार नाही. त्याचं तेवढं ऐकून घ्या."

हे म्हणाले, हो सिस्टर.

"सल्ला देऊ नका."

"नाही देणार."

"काहीच करू नका. नुसते बसा. तुम्हाला येईल, तुम्ही इतकी वर्षं समोर बसलाय."

ह्यांनी तुमचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला आशा वाटली, सिस्टर. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, जो माणूस दुसऱ्याचं ऐकायला बसेल, तो एक दिवस स्वतःचंही घरात बोलेल. तुम्ही जाता जाता मलाच औषध देऊन चाललाय, असं वाटलं. गुरुवारी तुम्ही गेलात.

शमुवेलची गोष्ट तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत, पण सगळ्या जगाला माहीत आहे तेवढी मीही जाणते. जालन्याकडचा पोरगा, अंगापेक्षा मोठा कोट घालून पाळकाची दीक्षा घेतलेला. त्याला जासईला पाठवलं. कंटेनर यार्डात कामाला आलेली आपल्याकडची काही कुटुंबं होती, त्यांच्यासाठी एका भाड्याच्या खोलीत मंडळी. ठेकेदार बदलला, माणसं पांगली. कोणी गावी गेलं, कोणी भिवंडीला. बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती बाळ बसायला लागलं तरी आली नाही. वर कोणाला कळवावं तर म्हणतात, प्रार्थना वाढवा. एवढं सगळं, आणि तो एकटाच तुमच्याकडे बीपी हा शब्द न वापरता यायचा. सिस्टर, बोलायचं होतं, असं सरळ म्हणायचा. म्हणून तुम्हाला त्याची काळजी होती का?

उपासना झाली त्या दिवशी घरी आल्यावर मी ह्यांना धरलं. म्हटलं, दुसऱ्यांचं सोडा, तुम्ही का बोलला नाहीत? माईक तुमच्याच हातात होता. ते झगा काढून खुंटीला अडकवत होते. म्हणाले, काय सांगायचं, माझं बीपी बघायच्या म्हणून? मी म्हटलं, मग मला तरी सांगा. आता सिस्टर नाहीत. आता मीच आहे.

ते बराच वेळ झग्याच्या बाह्या सरळ करत राहिले. मग म्हणाले, "तुला सांगितलं आणि तुला ते झेपलं नाही, तर मी राहू कुठे?"

तुमच्याकडे ते बोलू शकत होते कारण तुमच्या घरातून त्यांना उठून येता येत होतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळून उपयोग काहीच झाला नाही. मला झेपलं असतं की नाही, हे मलाही ठाऊक नाही. देवावरचा विश्वास उडालाय म्हणाले असते तर? आमचं राहतं घर, मुलीची फी, माझं सगळं नातंगोतं त्या विश्वासावरच उभं आहे. तुम्हाला पेन्शन होती, सिस्टर. तुम्हाला ऐकणं परवडत होतं. हे तुम्ही असताना बोलायची माझी हिंमत झाली नाही, आज बोलून घेते.

आणि काल सोमवार होता. शमुवेल आला.

त्याला इथे यायला तुम्हीच सांगितलं असणार. दोन बस बदलून आला होता, धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावलेलं. मी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं, ह्यांना आतून बोलावलं, पंखा लावला आणि स्वयंपाकघरात गेले. दार ओढून घेतलं, पण आमच्या दाराला कडी नीट लागत नाही आणि मला ती लागावी असंही वाटत नव्हतं. ऐकू नये ते मी ऐकलं. तुम्ही घरी पाठवलं असतं मला. तुमच्या जागी मी होते आणि मला घरी पाठवायला कोणी नव्हतं.

बराच वेळ पंख्याचाच आवाज. ह्यांनी काही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, शाब्बास. बसा असेच. मग शमुवेल बोलायला लागला.

"साहेब, काल उपासनेला कोनीच नव्हतं आलं. आदल्या रविवारी एक म्हातारी तरी होती, काल ती बी नाही. मी उपासना घेतली. पूर्ण घेतली. गीत म्हनलं, उपदेश केला, आशीर्वाद बी दिला. भिंतीला दिला." खुर्ची करकरली. "काय करू, ते इचाराया नाही आलो, साहेब. आशीर्वाद देताना मला हसू आलं. त्याची भीती वाटायली."

पुन्हा शांतता. सिस्टर, मी ओट्याला धरून उभी होते. इतकी वर्षं मेथी निवडत तुम्ही जी शांतता धरून ठेवायचात, ती माझ्या घरात आली होती आणि आमचे हे ती धरून बसले होते. मला वाटलं, होतंय. मला वाटलं, तुम्ही गेलात तरी काही गेलं नाही.

मग ह्यांचा आवाज आला. "चला, प्रार्थना करू या."

पाळकाला बोलणं संपवायचं असलं की तो प्रार्थना करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रार्थना उत्तम झाली. ह्यांची नेहमीच होते. तिच्यात जासई होती, यार्डातले मजूर होते, माहेरी गेलेली पत्नी आणि लेकरू होतं, संकटात टिकून राहण्याचं बळ होतं. त्या खोलीत भिंतीसमोर उभं राहून हसणारा माणूस तेवढा नव्हता. आमेन झालं. ह्यांनी विचारलं, परतीची बस कुठून मिळते. शमुवेलनं सांगितलं, कुठून मिळते ते. मग चपला घालण्याचा आवाज, दाराचा आवाज.

मी बाहेर आले. हे उभेच होते, दाराकडे पाठ करून. मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, आणि असा त्यांचा आवाज मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

"एस्तेर, तो माझंच सांगत होता."

सिस्टर, ह्या एका वाक्यासाठी मी किती बुधवार तुमच्याशी भांडले. ते आलं होतं. माझ्या घरात, माझ्या नावानिशी. आणि त्याच वेळी जिन्यावरून शमुवेलची पावलं खाली चालली होती, आणि तुम्ही म्हणाला होतात, शमुवेल निभावणार नाही. मी दोन्हीकडे कशी पुरणार होते? मी ह्यांना म्हटलं, थांबा हं, एक मिनिट, आणि गॅलरीत धावले. तो फाटकापाशी पोचला होता. मी ओरडून म्हटलं, शमुवेल, जेवून जा, वर ये. त्यानं वर बघितलं आणि हात जोडून हसला. उपासनेनंतर दारात उभं राहून लोकांना निरोप देताना पाळक हसतात ना, तसं. ते हसू मी ओळखते. आमच्या ताटाशेजारी रोज तेच जेवायला बसतं. तो म्हणाला, पुढच्या वेळी नक्की, बाई. आणि रस्ता ओलांडून गेला.

मी आत आले. ह्यांनी खुर्चीत बसून पेपर उघडला होता.

मी विचारलं, काय म्हणत होतात?

"काही नाही," हे म्हणाले. "वाढ जेवायला."

मी वाढलं, सिस्टर.